वेगवेगळ्या मुलांसाठी शाळेत वेळ कुठून काढायचा?

खडूची धूळ

मी पाचवीची वर्गशिक्षिका आहे. वर्गात ३८ मुलं. बरेच दिवस मनात घोळतंय ते आज लिहायला घेतलं.

गेल्या वर्षी माझ्या वर्गात एक मुलगा होता. तास चालू असताना हात सगळ्यात आधी त्याचा वर. पण वही उघडली की निम्मं पान कोरं. मोठ्यानं वाचायला उभं केलं की बोट ओळीवर ठेवून सावकाश पुढे सरकायचा, आणि जोडाक्षर आलं की बोट तिथंच थांबायचं. मग तो पानावरच्या चित्राकडे बघायचा आणि अर्थाला जवळचा असा कुठलातरी शब्द ठोकून द्यायचा. ‘पर्वत’ लिहिलेलं असेल तर ‘डोंगर’ म्हणायचा. मुलं हसायची. मला मात्र तेव्हा लख्ख कळलं की धडा याला समजलाय, अडलंय ते अक्षरात.

इतिहासाच्या चाचणीत त्याला २० पैकी ४ मिळाले. मधल्या सुट्टीत त्याला जवळ बसवून तेच प्रश्न तोंडी विचारले. त्यानं कारणं क्रमानं सांगितली, वर एक अशी जोड दिली जी पुस्तकातही नव्हती. तिथून पुढे वर्षभर मी माझी मधली सुट्टी त्याला दिली. वाचन थोडं सुधारलं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे शाळेत यायला तो कुरकुर करेनासा झाला.

मग वर्ष बदललं. तो सहावीत गेला, मला नवी पाचवी मिळाली. दोन महिन्यांनी सहज त्याच्या वर्गात डोकावले तर तो शेवटच्या बाकावर. वहीत पानोपानी लाल शाईत ‘अपूर्ण’. नव्या वर्गशिक्षकांची काहीच चूक नाही, त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

त्या दिवसापासून एकच टोचणी आहे. माझी धडपड माझ्यापाशीच संपली. एखाद्या शिक्षिकेच्या मधल्या सुट्टीवर एखाद्या मुलाचं शिक्षण अवलंबून असावं का? तुमच्या शाळांमध्ये अशा मुलांसाठी जे काही होतं ते शिक्षक बदलला तरी टिकतं का? टिकत असेल तर कशामुळे? आणि त्यासाठी वेळ कुठून काढता?

सायंतारा

ताई, ‘पर्वत’चं ‘डोंगर’ वाचून थांबले. आमच्या घरात हेच चालू आहे. धागा वाचत राहणार.

जुनी घंटा

ताई, मी १४ वर्षं मुख्याध्यापक होतो, आता निवृत्त आहे. तुमचा प्रश्न शिक्षकांपेक्षा मुख्याध्यापकांसाठी आहे असं मला वाटतं, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली चार-पाच वर्षं मी प्रत्येक सभेत सांगायचो, ‘सर्व मुलांकडे वैयक्तिक लक्ष द्या.’ शिक्षक मान डोलवायचे. बदलत काहीच नव्हतं, आणि बदलणार तरी कसं? मी कामात भर घातली होती, वेळ दिला नव्हता. एका ज्येष्ठ बाईंनी मला एकदा शांतपणे विचारलं, ‘सर, हे कोणत्या तासाला करायचं ते सांगा.’ माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या प्रश्नावरून मी वेळापत्रक घेऊन बसलो. आधी बदली तासांचा हिशेब काढला. कुणी गैरहजर असलं की ज्यांना ऑफ तास त्यांना पाठवायचो, आणि ते तास बहुधा मुलांना गप्प बसवण्यात जायचे. त्याऐवजी आठवड्यातून एक तास असा ठरवला की एका इयत्तेच्या सगळ्या तुकड्या मैदानावर किंवा वाचनालयात, सोबत खेळाचे शिक्षक, ग्रंथपाल आणि कार्यालयातले एक जण. त्या तासाला त्या इयत्तेला शिकवणारे सगळे शिक्षक एका टेबलाभोवती. मीही.

एका बैठकीत फक्त दोन मुलं, जास्त नाही. एक साधी नोंदवही, पानावर तीन रकाने: काय जमतं, कुठे अडतं, या आठवड्यात कोण काय करणार. पहिला रकाना रिकामा ठेवून पुढे जायचं नाही, एवढा नियम मी कटाक्षानं पाळला. सुरुवातीला फार जड गेलं. ज्या मुलाबद्दल तक्रारींची यादी तोंडपाठ असायची, त्याला काय जमतं हे सांगताना सगळे गप्प व्हायचे. मग चित्रकलेच्या बाई बोलायच्या, किंवा खेळाचे सर. हळूहळू गणिताच्या सरांनाही दिसायला लागलं.

न्यूझीलंडमधल्या शिक्षण-संशोधक विव्हियन रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मुख्याध्यापकांच्या कामावरचे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले होते. मुख्याध्यापक जे जे करतात त्यात मुलांच्या शिकण्यावर सगळ्यात जास्त परिणाम कशाचा, तर शिक्षकांच्या शिकण्याला चालना देऊन स्वतः त्यात सहभागी होण्याचा. मी हे वाचलं ते निवृत्तीनंतर, पण टेबलाशी बसल्याची किंमत मला आधीच कळली होती. मुलाबद्दल ठरलेली गोष्ट मुख्याध्यापकासमोर ठरलेली असली की पुढच्या आठवड्यात तिची विचारपूस होते. विचारपूस झाली की ती टिकते.

वर्ष बदलण्याबद्दल: वार्षिक परीक्षा झाल्यावर एक दिवस फक्त हस्तांतरणाचा ठेवायचो. जुने वर्गशिक्षक आणि नवे वर्गशिक्षक समोरासमोर, मध्ये ती नोंदवही. सगळ्या मुलांवर बोलायला वेळ पुरत नाही, पण ज्या आठ-दहा मुलांची पानं आहेत त्यांच्याबद्दल प्रत्येकी दहा मिनिटं मिळतात. नव्या बाईंना पहिल्याच दिवशी माहीत असतं की या मुलाला अचानक उभं करून वाचायला लावायचं नाही.

गणितवेडा

घंटा सर, आदरपूर्वक काही शंका मांडतो. मी नववी-दहावीला गणित शिकवतो. एका तुकडीत ५२ मुलं. पोर्शन संपवायचा, उजळणी घ्यायची, पेपर तपासायचे. एकेका मुलावर बैठक घ्यायची चैन आम्हाला परवडत नाही.

दुसरं, एकाला जादा वेळ, एकाला प्रश्न वाचून दाखवणार, एकाला लेखनिक. बाकीच्या ५० जणांवर हा अन्याय नाही का? मुलं मला हे तोंडावर विचारतात आणि माझ्याकडे उत्तर नसतं. आणि तिसरं म्हणजे, ज्यांना खरोखर वेगळी गरज आहे त्यांच्यासाठी वेगळ्या शाळा, वेगळे प्रशिक्षित शिक्षक असताना आम्ही अर्धवट ज्ञानावर प्रयोग करावेत का? नुकसान मुलाचंच होईल अशी भीती वाटते.

अनुस्वार

मी विशेष शिक्षिका आहे, गेली अकरा वर्षं वाचन-लेखनात अडणाऱ्या मुलांबरोबर काम करते. गणितवेडा सर, तुमचे प्रश्न प्रामाणिक आहेत. असे प्रश्न मनातच ठेवणाऱ्या शाळेत काम करणं जास्त अवघड जातं.

अन्यायापासून सुरुवात करते. पेपर काढताना स्वतःला विचारायचं, मी काय तपासतोय? भूगोलाच्या पेपरात भूगोल तपासायचा की वाचनाचा वेग? भूगोल तपासायचा असेल तर प्रश्न वाचून दाखवल्यानं उत्तर कुणी सांगून टाकत नाही, मुलाला फक्त प्रश्नापर्यंत पोचता येतं. पण पेपर वाचनाचाच असेल तर उतारा वाचून दाखवणं चूक, कारण मग जे तपासायचं तेच नाहीसं होतं. प्रत्येक सवलत या एका प्रश्नावर घासून घ्यायची. विद्यार्थ्यांनी विचारलं तर त्यांनाही हेच सांगा, मुलांना ते मोठ्या माणसांपेक्षा लवकर पटतं. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात, २४ व्या कलमात, शिक्षणातल्या अशा वाजवी सोयींना हक्क मानलं आहे. सोय न देणं हा भेदभाव ठरतो, असाच त्या कराराचा अर्थ आहे.

आता खडूची धूळ ताईंचा मुलगा. मी त्याला पाहिलेलं नाही, त्यामुळे निदान करणार नाही. पण हे चित्र फार जुनं आहे. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्लिश डॉक्टरांनी १४ वर्षांच्या एका मुलाबद्दल लिहिलं. हुशार, खेळात पटाईत, गणितात बरा, पण वाचन काही केल्या येईना. त्याच्या शिक्षकांचं मत त्यांनी नोंदवून ठेवलंय: सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत चलाख मुलगा ठरला असता. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या शिक्षकांना जे दिसलं ते ताईंना मधल्या सुट्टीत दिसलं.

या मुलांना अक्षरं उलटी दिसतात हा गैरसमज आहे. बहुतेकांची अडचण डोळ्यात नसते, शब्दातले ध्वनी सुटे करून ते अक्षरांशी जोडण्यात असते. देवनागरीत बाराखडी नियमित आहे, ‘क’ सगळीकडे ‘क’च, हा मोठा आधार. पण काही जागा घसरणीच्या आहेत. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची आणि उच्चार नंतर. रफार द्यायचा पुढच्या अक्षराच्या डोक्यावर आणि उच्चार त्या अक्षराच्या आधी. ‘वर्ग’चं ‘वगर’ वाचणारं मूल बेफिकीर नसतं. ते लिहिलेल्या क्रमानं प्रामाणिकपणे वाचत असतं! ताईंच्या मुलाचं बोट ‘पर्वत’वर थांबलं ते कदाचित त्याच रफारापाशी. अशा वेळी ‘नीट बघ’ म्हणून काही होत नाही. ‘प’, ‘र्’, ‘व’, ‘त’ असे आवाज टाळी देत सुटे म्हणवून घ्यायचे, मग रफार बोटानं उचलून ‘व’च्या आधी ठेवून दाखवायचा. रोज दहा मिनिटं, चुकवायची नाहीत. आठवड्यातून एकदा तासभर केल्यानं तो परिणाम मिळत नाही.

‘मोठा झाला की येईल आपोआप’ असं म्हणून थांबू नका. वाचनावर संशोधन करणाऱ्या कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ मध्ये हे चक्र मांडलं होतं: वाचायला जड जातं म्हणून मूल कमी वाचतं, कमी वाचल्यानं शब्द कमी कळतात, आणि मग वाचन आणखी जड होतं. दर वर्षी अंतर वाढतं.

अनुस्वार

वेगळ्या शाळेचा मुद्दा राहिला. अगदी सघन मदत लागणारी काही मुलं असतात, त्यांच्यासाठी तज्ज्ञ हवेतच. पण वाचनात अडणारी, ऐकायला कमी येणारी, चंचल, घरी वेगळी भाषा बोलणारी मुलं तुमच्या ५२ मध्ये आत्ताही बसलेली आहेत. १९९४ मध्ये स्पेनमधल्या सालामांका शहरात ९२ सरकारं आणि २५ आंतरराष्ट्रीय संघटना जमल्या होत्या. तिथल्या जाहीरनाम्याचा गाभा हाच की नेहमीच्या शाळेनं मुलाला सामावून घ्यावं आणि स्वतःला त्यानुसार बदलावं. त्यासाठी तुम्ही तज्ज्ञ व्हावं असं कुणी म्हणत नाही. तज्ज्ञ तुमच्या टेबलाशी यावा, हे बघणं मुख्याध्यापकांचं काम.

तोवर एक गोष्ट करून बघा, तिला वेगळा तास लागत नाही. प्रश्न विचारल्यावर थांबा. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी वर्गांतली ध्वनिमुद्रणं ऐकून मोजलं होतं की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एखादाच सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांब आली, गप्प राहणं कमी झालं आणि एरवी न बोलणारी मुलं बोलू लागली. मुलाचं उत्तर आल्यावरही तसंच थांबायचं, लगेच ‘शाब्बास’ म्हणून पुढे जायचं नाही. तीन सेकंद वर्गात फार मोठे वाटतात. मनात आकडे मोजा.

वेलांटी

छान चर्चा. आमच्या शाळेत गेल्या वर्षी सगळ्या मुलांची शिकण्याच्या शैलीची चाचणी घेतली. दृश्य, श्राव्य आणि कृतिशील असे तीन गट केले, प्रत्येकाच्या वहीवर तसा रंगीत ठिपका. शिक्षकांनी खूप मेहनत घेतली. हे इथे कुणी करून पाहिलंय का?

अनुस्वार

वेलांटी, तुमच्या शिक्षकांची मेहनत आणि हेतू दोन्ही मनापासून मानते, म्हणून स्पष्ट सांगते. मुलाची शैली ठरवून त्याच शैलीत शिकवलं तर ते जास्त शिकतं, याला आधार मिळालेला नाही. २००८ मध्ये हॅरॉल्ड पॅशलर आणि इतर तीन मानसशास्त्रज्ञांनी उपलब्ध संशोधन तपासलं. ज्या पद्धतीच्या पुराव्यानं हे सिद्ध व्हावं तसा पुरावा जवळपास नव्हताच, आणि जे मोजके अभ्यास नीट बेतलेले होते त्यातले काही उलट निघाले.

मला ठिपक्याची काळजी जास्त वाटते. ‘मी श्राव्यवाला आहे, मला वाचून येत नाही’ असं एका नऊ वर्षांच्या मुलीनं मला सांगितलंय.

तुमची तयारी मात्र वाया जाणार नाही. अपूर्णांकासाठी चित्र, कागदाच्या घड्या आणि बोलून समजावणं असं तिन्ही तयार असेल ना? ते तिन्ही सगळ्यांना द्या. अमेरिकेत १९८४ मध्ये कास्ट नावाची संस्था स्थापन झाली, तिच्या कामातून पुढे शिक्षणाच्या सार्वत्रिक रचनेची कल्पना आली. तिचं सूत्र थोडक्यात असं, की धडा आखतानाच आत शिरायला एकाहून जास्त दारं ठेवायची, म्हणजे नंतर एकेका मुलासाठी भिंत फोडावी लागत नाही.

वेलांटी

मनापासून धन्यवाद. ठिपके काढण्याबद्दल उद्याच बोलते.

दुसरा बाक

मी शिक्षक नाही, आई आहे. माझ्या लेकीला एका कानानं ऐकू येत नाही. एका कानानं चालतं की, असं लोकांना वाटतं. पण गोंगाटात तिला आवाज कुठून आला हेच कळत नाही. बाई फळ्याकडे वळून लिहिता लिहिता बोलल्या की त्यांचं वाक्य तिच्यापर्यंत पोचतच नाही. घरी येऊन म्हणायची, ‘बाई भिंतीशी बोलतात.’

शाळेनं चांगल्या मनानं तिच्या शेजारी एक मदतनीस ताई बसवली. सुरुवातीला आम्हाला फार बरं वाटलं. सहा महिन्यांनी लक्षात आलं की लेक आता बाईंकडे बघतच नाही. प्रश्न आला की ताईकडे बघायची, ताई उत्तर कानात सांगायची, वही पूर्ण. वह्या कधी नव्हे इतक्या स्वच्छ! पण तिला एकटीला विचारलं तर काहीच येईना. आणि मैत्रिणी तुटल्या, कारण शेजारी कायम एक मोठं माणूस.

मी नव्या मुख्याध्यापिका मॅडमना हे रडतच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि कुणालाही दोष न देता एक बदल केला. मदतनीस ताई वर्गभर फिरून सगळ्यांच्या वह्या बघणार, आणि त्या पंधरा मिनिटांत वर्गशिक्षिका माझ्या मुलीच्या गटाशी बसणार. म्हणजे जिला जास्त गरज, तिला जास्त शिकलेलं माणूस. लेकीला पुढच्या बाकावर कडेला बसवलं, चांगला कान बाईंकडे. आणि शिक्षकांनी ठरवलं, आधी लिहायचं, मग वळून बोलायचं.

बाईंनीच मला नंतर सांगितलं की फळ्याचा हा नियम पाळल्यापासून बाकीच्या मुलांचेही ‘काय म्हणालात बाई?’ कमी झालेत.

अनुस्वार

दुसरा बाक ताई, मॅडमना माझा नमस्कार सांगा. तुम्ही जे पाहिलंत तेच इंग्लंड आणि वेल्समधल्या शाळांच्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं होतं, २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. सहायकांची मदत ज्यांना जास्त मिळाली त्या मुलांची प्रगती तशाच इतर मुलांपेक्षा कमी होती. मुलांची आधीची पातळी आणि गरजा हिशेबात धरूनही. दोष सहायकांचा नव्हता, त्यांना कामाला कसं लावलं त्याचा होता. शिक्षकांचा मुलाशी संबंध तुटला आणि समजण्यापेक्षा काम उरकण्यावर भर आला. कोण कुठे बसणार हे ठरवणं मुख्याध्यापकांच्या हातात असतं.

ओळखीची वाट

भाषेबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे तिसरीत एक मुलगी आली, घरची भाषा पूर्ण वेगळी. वर्षभरात मैदानावर आमच्या भाषेत भांडायला लागली, गोष्टी सांगायला लागली. मग सगळे शिक्षक म्हणू लागले, ‘आता भाषा येते, मग परिसर अभ्यासाची उत्तरं का लिहीत नाही? आळस करते.’

कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी हा फरक दाखवून दिला होता. रोजच्या बोलण्यापुरती नवी भाषा साधारण दोन वर्षांत येते. पण ‘बाष्पीभवन’, ‘परिणामी’, ‘तुलना करा’ असली पुस्तकातली, विचार करायची भाषा समवयस्कांच्या बरोबरीनं यायला पाच ते सात वर्षं लागू शकतात. खेळताना हातवारे असतात, समोर वस्तू असते, समोरच्याचा चेहरा दिसतो. उताऱ्यात यातलं काहीच नसतं.

आम्ही तिला उत्तराचा आराखडा आधी तिच्या भाषेत करू दिला, चित्र काढून, शब्द लिहून. त्याच भाषेचा एक सातवीतला मुलगा आठवड्यातून दोनदा तिच्याशी त्यावर बोलायचा, आणि मग ती आमच्या भाषेत दोन वाक्यं लिहायची. दोन वाक्यांची चार झाली. घरची भाषा वर्गात बोलू नका असा आमचा एक जुना नियम होता, तो मुख्याध्यापकांनी त्याच वर्षी काढून टाकला.

सायंतारा

आणि जी मुलं पटकन पुढे जातात त्यांचं काय? माझ्या धाकट्याची दहा गणितं आधी झाली की त्याला आणखी दहा मिळतात. आता तो मुद्दाम सावकाश करतो.

जुनी घंटा

सायंतारा ताई, तीच आमची चूक होती. लवकर झालं म्हणून तेच काम आणखी देणं ही शिक्षाच. आम्ही अशा मुलांना एकच गणित द्यायचो, पण जास्त खोल: हेच उत्तर दुसऱ्या रीतीनं काढ, किंवा उत्तर २४ येईल असं शाब्दिक उदाहरण तू तयार कर. त्याच मुलाला मागे राहिलेल्यांना शिकवायला बसवणं कधीतरी ठीक, रोज नको. त्यालाही शाळेत नवं शिकायला मिळायला हवं. आणि नोंदवहीत त्याचंही पान हवं. भराभर गणितं सोडवणारं आणि वाचनात अडणारं असं एकच मूल असू शकतं, एक बाजू दुसरीला झाकते आणि दोन्ही नजरेतून सुटतात.

मागचा बाक

मी इथं पहिल्यांदाच लिहितोय. बोलून टंकायची सोय आहे म्हणून जमतंय, नंतर दोनदा ऐकून तपासतो.

मला वाचनाची अडचण आहे हे मला वयाच्या ३१ व्या वर्षी कळलं. शाळेत असताना मला एवढंच माहीत होतं की आपण मठ्ठ आहोत. भाषेच्या तासाला मुलं ओळीनं एकेक परिच्छेद वाचायची. मी आधीच्या मुलांची डोकी मोजायचो, म्हणजे माझ्या वाट्याला कोणता परिच्छेद येणार ते कळायचं, आणि तोवर तेवढाच मनात घोकायचो. त्यामुळे आधीच्यांनी काय वाचलं ते एकदाही ऐकलं नाही. मध्येच कुणी गैरहजर निघालं की मोजणी चुकायची. त्या क्षणी पोटात जे व्हायचं ते अजून आठवतं.

सातवीत एक बाई आल्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी शाळा सुटताना त्यांनी मला हाक मारली आणि पुस्तकात पेन्सिलीनं बारीक खूण केली. म्हणाल्या, ‘उद्या तुला हा परिच्छेद देणार आहे. घरी बघून ये.’ एवढंच. मी रात्री तो पंधरा-वीस वेळा वाचला. दुसऱ्या दिवशी उभा राहिलो आणि पूर्ण वाचला. वर्गाला काही कळलं नाही. बाईंनी कौतुकही केलं नाही, इतर मुलांना म्हणायच्या तसं ‘बस’ म्हणाल्या. ते ‘बस’ मला फार मोठं वाटलं.

त्यांनी वर्षभर हे केलं. पण मला आज सांगायचंय ते पुढचं आहे. आठवीत त्या बाई आम्हाला नव्हत्या. पहिल्याच आठवड्यात नवे सर जाता जाता माझ्या बाकापाशी थांबले आणि पुस्तकात पेन्सिलीची खूण करून गेले. इतिहासाच्या बाईंनीही तेच केलं. बाईंनी मोठ्या सरांशी बोलून सगळ्यांना सांगून ठेवलं होतं हे मला खूप वर्षांनी समजलं.

खडूची धूळ ताई, तुमची मधली सुट्टी वाया गेली असं समजू नका. त्या मुलाला ती आठवत असणार. फक्त ती खूण पुढच्यांच्या हातात द्या.

दुसरा बाक

डोळे भरून आले. लिहीत राहा.

गणितवेडा

तीन आठवड्यांनी परत येतोय.

मागचा बाक यांचा प्रतिसाद वाचून त्या रात्री झोप लागली नाही. मीही ओळीनं उदाहरणं वाचायला लावतो.

दोन गोष्टी केल्या. तीन सेकंद थांबणं. पहिले दोन दिवस मलाच गुदमरायला झालं, वर्गातही चुळबुळ. चौथ्या दिवशी खिडकीजवळच्या एका मुलीनं हात वर केला. वर्षभरात तिचा आवाज मी ऐकला नव्हता. उत्तर चुकीचं होतं, पण रीत निम्म्यापर्यंत बरोबर होती, आणि कुठे चुकलं ते तिनं स्वतःच बोलता बोलता शोधलं.

दुसरी गोष्ट: शाब्दिक उदाहरणांच्या चाचणीत मी प्रत्येक प्रश्न सगळ्या वर्गासाठी दोनदा मोठ्यानं वाचला. सगळ्यांसाठीच, त्यामुळे अन्यायाचा प्रश्नच आला नाही. टाकी, दोन नळ, एक भरतो एक रिकामी करतो, ते नेहमीचं उदाहरण. एरवी तो प्रश्न कोरा सोडणाऱ्या चौघांनी तो सोडवला. त्यातल्या तिघांचं बरोबर. मी त्यांना दोन वर्षं ‘गणितात कच्चे’ या यादीत ठेवलं होतं. त्यांचं गणित कच्चं नव्हतं. मी त्यांच्या पालकांना बोलावून सांगितलं, आणि त्या मुलांनाही.

बैठकीचं अजून जमलेलं नाही. पण आम्ही तीन शिक्षक शुक्रवारी सुटल्यावर वीस मिनिटं बसतोय. घंटा सर, हे वेळापत्रकात यायला हवं हे आता पटतंय. कारण तिसऱ्याच शुक्रवारी एकाला घरी लवकर जावं लागलं आणि बैठक झाली नाही.

जुनी घंटा

सर, तुम्ही परत येऊन लिहिलंत याचा फार आनंद झाला. ती चुकलेली बैठकच मुख्याध्यापकांना दाखवा. ‘आम्ही करतोय, पण टिकवायला तुमचा एक तास हवाय’ ही मागणी नाकारणं अवघड असतं. सोबत त्या चार मुलांचे पेपर न्या, आधीचे आणि आताचे, शेजारी शेजारी ठेवून.

खडूची धूळ

सगळ्यांचे मनापासून आभार. घंटा सरांचा प्रतिसाद छापून मी आमच्या मुख्याध्यापकांना दिला होता. त्यांनी आठ दिवस काहीच म्हटलं नाही. मग बोलावून वेळापत्रक समोर ठेवलं आणि म्हणाले, बुधवारचा शेवटचा तास, एक सत्र करून बघू. सहावीपासून सुरुवात. स्वतःही बसणार म्हणाले, आणि कालच्या पहिल्या बैठकीला बसले.

पहिलं पान त्याच मुलाचं. पहिल्या रकान्याला घंटा सर म्हणतात तशीच शांतता झाली. मी बोलणार होते, पण थांबले, कारण मला त्याच्या आत्ताच्या शिक्षकांकडून ऐकायचं होतं. मग खेळाचे सर म्हणाले, ‘नव्या खेळाचे नियम एकदा सांगितले की याला पाठ. उरलेल्यांना तोच समजावतो, कोण कुठे उभं राहायचं ते सकट.’ विज्ञानाच्या बाई पटकन म्हणाल्या, ‘प्रयोगाची कृती तोंडी तोच सांगतो, मी लिहून मागते तेव्हा गडबड होते.’ रकाना भरला. वर्गशिक्षकांनी स्वतःहून सांगितलं की घटक चाचणीतले दोन प्रश्न ते त्याला तोंडी विचारतील आणि वहीवर ‘अपूर्ण’ऐवजी जेवढं झालंय त्यावर शेरा लिहितील. रोजची दहा मिनिटं वाचनासाठी परिपाठाच्या वेळेतून काढली, आठवड्यातले दोन दिवस मी, तीन दिवस ते. अनुस्वार ताई, टाळ्या देत सुटे आवाज म्हणण्यापासून सुरुवात करतोय, अडलं तर विचारेन. विशेष शिक्षिकेला महिन्यातून एकदा बोलावण्यासाठी पत्र गेलंय.

आज शाळा सुटताना त्याचे भाषेचे सर त्याच्या बाकापाशी थांबलेले दिसले. हातात पेन्सिल होती. पान ४२, दुसरा परिच्छेद.